गारेगार लिंबू, व्हाया श्रीगोंदा

एप्रिल उजाडला की ऑफिसातल्या पॅन्ट्रीचा मूडच बदलतो. कॉफी मशीनसमोरची गर्दी ओसरते, फ्रीजमधल्या बाटल्यांवर नावांच्या चिठ्ठ्या दिसायला लागतात आणि लंचनंतर प्रत्येक क्युबिकलमधून एकच हाक येते... काहीतरी गार, काहीतरी गोड! मग कुणी आइस्क्रीमचा फॅमिली पॅक मागवतं, कुणी मस्तानी, तर डाएटवाली मंडळी कलिंगडाच्या फोडींवर समाधान मानतात. आणि लिंबू? ते बिचारं सरबतात, पोह्यांवर नाहीतर मिसळीच्या प्लेटच्या कडेला. गोडाचा विषय निघाला की त्याला कुणी विचारतच नाही.

खरं तर गोडाच्या स्वयंपाकात लिंबू आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राबतंय, पण पडद्यामागे. साखरभाताच्या पाकात आई लिंबू पिळते, ते पाकाची परत साखर होऊ नये म्हणून. पाकातल्या पुऱ्यांचंही तेच. दूध फाडून पनीर करायचं तरी पुन्हा लिंबूच. कामं सगळी लिंबाची आणि नाव मात्र केशर-वेलचीचं!

या उन्हाळ्यात लिंबाला हीरोचा रोल द्यायचं मी ठरवलं. त्यासाठी रेसिपीची पुस्तकं चाळण्याआधी आम्ही चौघं एका शनिवारी थेट त्याच्या गावाला जाऊन आलो. गाव म्हणजे श्रीगोंदा तालुका, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर. आमच्या टीममधला एक जण तिथला. दर उन्हाळ्यात तो घरून येताना पिशवीभर लिंबं आणतो, ती त्याच्या डेस्कखाली ठेवतो आणि येता-जाता आम्ही सगळे त्यावर डल्ला मारतो. यंदा पिशवी ठेवता ठेवता तो म्हणाला, “खाऊन घ्या. पुढच्या वर्षी मिळतीलच असं नाही. बाबा बाग काढायची म्हणतायत.”

एवढं ऐकल्यावर कोण घरी बसेल?

सोलापूर रोडने, ऊन तापायच्या आत

पुण्याहून श्रीगोंदा शंभरेक किलोमीटर. सकाळी सहाला हडपसर सोडलं की लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत अशी गावं झपाझप मागे पडतात. चौफुल्याला चहा-मिसळ झाली. पाटसला हायवे सोडून दौंडचा रस्ता धरला. दौंडच्या पुढे भीमेचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. आता मनात चित्र काय असतं? दुष्काळी भाग, उघडंबोडकं माळरान, मधूनच एखादी बाभूळ. प्रत्यक्षात काष्टीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस! जिथे घोड धरणाचं आणि कुकडीच्या कालव्याचं पाणी पोचलंय तिथे उसाने पाय पसरलेत. जिथे पाणी बेताचं, जमीन मुरमाड आणि पाऊस लहरी, तिथे लिंबू.

काष्टीचं नाव जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. तिथून आत वळलो आणि पंधरा मिनिटांत मित्राच्या वस्तीवर पोचलो. गाडीचं दार उघडलं तेव्हा बाहेर भट्टीसारखं गरम होतं. बागेत दहा पावलं आत गेलो आणि नाकात तो वास शिरला. फळांचा नव्हे बरं का, पानांचा. लिंबाचं एक पान चुरगाळून हुंगून बघा. एसी कारमधले लेमन फ्रेशनर त्यापुढे पाणी भरतील!

झाडाला तहान लावावी लागते

बाग दोन एकरांची. वीस फुटांवर एक झाड, एकरी साधारण एकशे दहा झाडं. लांबून गोंडस दिसणाऱ्या या झाडांना बोटाच्या पेराएवढे काटे असतात. तोडणी करणाऱ्या बायका साडीवर पुरुषी फुल शर्ट चढवतात, डोक्याला फडकं गुंडाळतात आणि तरीही त्यांच्या मनगटांवर ओरखडे असतातच. आम्ही शहरी चौघं हाफ टी-शर्टात. दोनच मिनिटांत का ते कळलं!

काकांनी, म्हणजे मित्राच्या वडिलांनी, आम्हाला झाडाखाली बसवून लिंबाचं कॅलेंडर समजावलं. लिंबाला वर्षात तीन बहार धरता येतात. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत आणि फळं जून-जुलैत. मृग बहाराची फुलं पावसाच्या सुरुवातीला आणि फळं हिवाळ्यात. हस्त बहाराची फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि फळं बरोब्बर मार्च ते मे. म्हणजे तुम्ही-आम्ही एप्रिलमध्ये जे लिंबू पिळतो ते हस्ताचं. सगळ्यात जास्त मागणी त्याला आणि सगळ्यात अवघडही तेच.

“अवघड का?” मी विचारलं.

“झाडाला तहान लागल्याबिगर फूल येत नाय पोरी,” काका म्हणाले. “अन्‌ भर पावसाळ्यात तहान लावायची कशी?”

प्रकार असा आहे. फुलं हवी असली की शेतकरी बागेचं पाणी काही आठवडे तोडतो. याला म्हणतात ताण देणं. झाडाची वाढ थांबते, पानं मलूल होतात, काही गळूनही पडतात. मग खत घालून हलकं पाणी दिलं की झाड एकदम फुलावर येतं. हस्त बहारासाठी हा ताण ऑगस्ट-सप्टेंबरात द्यावा लागतो. तेव्हा मोटर बंद करणं आपल्या हातात असतं, आभाळ बंद करणं नसतं! ताण बसत आला असताना एक दणदणीत सर आली की झाड पुन्हा पाल्यावर जातं, फुलं येत नाहीत आणि पुढचा उन्हाळा कोरडा जातो. श्रीगोंद्यासारख्या कमी पावसाच्या भागात हे गणित जमतं, ते तिथे पाऊस कमी पडतो म्हणूनच. ज्याला आपण दुष्काळी म्हणून नाक मुरडतो त्याच कोरडेपणावर उन्हाळ्यातलं लिंबू उभं आहे.

दहा रुपयांचं एक लिंबू

२०२२ चा एप्रिल आठवतोय? एका लिंबाला दहा-दहा रुपये मोजले होते आपण. हॉटेलांनी टेबलावरच्या डिशमधून लिंबाच्या फोडी गायब केल्या होत्या आणि व्हॉट्सअॅपवर लिंबाचे दागिने घातलेल्या नवरीचे जोक्स फिरत होते. जोक्स आपण फॉरवर्ड केले, कारण मात्र विचारलं नाही. आदल्या वर्षी, २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाने मुक्काम ठोकला होता. अनेक बागांना ताण बसला नाही, हस्त बहार फसला. त्यात २०२२ चा मार्च हा देशात १९०१ पासूनचा सगळ्यात तापलेला मार्च ठरला आणि जी काही लहान फळं धरली होती तीही गळाली.

“मग तुमची चांदी झाली असेल ना?” आमच्यातल्या एकाने भाबडेपणाने विचारलं.

काका हसले. भाव होता तेव्हा झाडाला लिंबू नव्हतं. आणि पावसाळ्यात आंबियाची लिंबं झाडाखाली सडा घालतात तेव्हा भाव नसतो. पंधरा-वीस किलोची गोणी मार्केट यार्डात पोचवायची, तर तोडणीची मजुरी, गाडीभाडं, हमाली आणि आडत जाऊन हातात काय उरतं हे त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. बोटं लवकर संपली नाहीत, पैसे संपले. त्यावर पुन्हा खैऱ्याचे तपकिरी डाग. या रोगाने फळाची चव बिघडत नाही, पण डागाळलेलं लिंबू आपण ढिगातून बाजूला सारतो आणि व्यापारी भाव पाडतो.

उसाचं तसं नाही. एकदा लावला की कारखाना नेतो, बिल उशिरा का होईना येतं. शेजारचे तिघं उसाकडे वळले. काकाही वळायच्या बेतात आहेत.

काकूंच्या फ्रीजमधलं सरप्राइज

दुपारच्या जेवणात पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि शेवटी एक स्टीलचा डबा. काकूंनी झाकण काढलं. पांढरंशुभ्र श्रीखंड, त्यात हिरवे-पिवळे बारीक ठिपके. केशर नाही, वेलची नाही. पहिला चमचा तोंडात गेला आणि आम्ही चौघंही गप्प! चक्क्याच्या आंबटपणावर लिंबाच्या सालीचा सुगंध. गोड आहे, पण जडपणा अजिबात नाही. ४१ डिग्रीत दुसरी वाटी मागून घ्यावी असं श्रीखंड मी पहिल्यांदाच खाल्लं.

काकूंची युक्ती साधी आहे. अर्धा किलो चक्क्याला साडेतीनशे ग्रॅम पिठीसाखर. चार लिंबं स्वच्छ धुऊन, पुसून, सगळ्यात बारीक किसणीवर फक्त वरची रंगीत साल किसायची. आतला पांढरा भाग कडू असतो आणि आपल्या लिंबाची साल कागदासारखी पातळ, म्हणून हात अगदी हलका हवा. हा कीस आधी साखरेत बोटांनी चोळायचा. सालीतलं सुगंधी तेल साखर ओढून घेते. मग चक्का मिसळायचा, चिमूटभर मीठ, शेवटी दोन छोटे चमचे रस. दूध लिंबाने फाटतं, मग चक्का का फाटत नाही? कारण तो आधीच आंबलेला असतो, त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं! दोन तास फ्रीजमध्ये ठेवलं की झालं.

“हे कुठे शिकलात काकू?”

“शिकायचंय काय त्यात? घरात केशर नव्हतं, लिंबं पोत्यानं होती.”

आपलं लिंबू सातासमुद्रापार

आता थोडी जनरल नॉलेजची मात्रा. परदेशी रेसिपीत ‘लेमन’ म्हणून जे पिवळंधमक, जाड सालीचं, दोन्ही टोकांना निमुळतं फळ दिसतं ते आपलं लिंबू नव्हे. आपलं कागदी लिंबू त्यांच्या हिशेबात ‘लाइम’. लहान, गोल, बियांचं आणि जास्त झणझणीत. म्हणून लेमनची रेसिपी जशीच्या तशी आपल्या लिंबावर चालवली की चव वेगळी येते.

पण जगातलं एक सुप्रसिद्ध डेझर्ट खास या आपल्याच लिंबाचं आहे. अमेरिकेच्या दक्षिण टोकाला फ्लोरिडा कीज नावाची बेटांची माळ आहे. तिथला ‘की लाइम पाय’ २००६ पासून फ्लोरिडा राज्याचा अधिकृत पाय आहे. आणि ‘की लाइम’ म्हणजे कोण? तेच ते कागदी लिंबू! आशियाच्या आपल्या बाजूचं हे फळ अरबांबरोबर भूमध्य समुद्राकाठी पोचलं, तिथून स्पॅनिश लोकांनी ते वेस्ट इंडीज आणि फ्लोरिडात नेलं. त्या बेटांवर ताजं दूध मिळणं मुश्कील. मुख्य भूमीवरून थेट मोटाररस्ता झाला तोच १९३८ मध्ये. त्यामुळे घराघरांत डब्यातलं कंडेन्स्ड मिल्क. त्यात लिंबू पिळलं की ते फाटत नाही, घट्ट होतं. त्यातली भरपूर साखर आणि कमी पाणी यामुळे दुधातली प्रथिनं गोळा होतात पण पाणी सोडून वेगळी होत नाहीत. मूळ पायमध्ये अंड्याचं पिवळंही असतं.

आता यातली चटका लावणारी गोष्ट. १९२६ च्या वादळानंतर त्या बेटांवरच्या लिंबाच्या व्यापारी बागा जवळजवळ संपल्या. त्यांची जागा मोठ्या, बिनबियांच्या, बिनकाट्यांच्या दुसऱ्या जातीने घेतली. पायला नाव बेटांचं राहिलं, लिंबू मात्र बहुतेक बाहेरून येतं. ही गोष्ट मी परतीच्या वाटेवर मित्राला सांगितली तेव्हा तो बराच वेळ खिडकीबाहेरचा ऊस बघत बसला.

तुमच्या किचनमध्ये

ओव्हन नाही? नो प्रॉब्लेम. या दोन्हींना लागत नाही.

ग्लासातला लिंबू पाय: दोनशे ग्रॅम साधी गोड बिस्किटं लाटण्याने चुरा आणि त्यात नव्वद ग्रॅम वितळलेलं बटर कालवा. सहा-आठ छोट्या ग्लासांच्या तळाशी हा चुरा दाबून ग्लास फ्रीजमध्ये ठेवा. आता चारशे ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, शंभर मिली फ्रेश क्रीम आणि चार लिंबांच्या सालीचा कीस एकत्र करा. त्यात १२० मिली गाळलेला रस थोडा थोडा घालत ढवळा. रसासाठी साधारण आठ लिंबं लागतील. मिनिटभरात मिश्रण डोळ्यांदेखत दाट होईल. ग्लासांत ओता, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. रविवारी रात्री केलंत तर सोमवारच्या मीटिंगनंतर तुम्ही टीमचे हीरो!

लिंबू ग्रॅनिटा: सिसिलीचा हा प्रकार म्हणजे आपल्या बर्फाच्या गोळ्याचा इटालियन चुलतभाऊ. दीडशे ग्रॅम साखर सहाशे मिली पाण्यात विरघळवा, थोडं गरम केलंत तर लवकर होईल. गार झाल्यावर दीडशे मिली रस, एका लिंबाच्या सालीचा कीस आणि चिमूटभर सैंधव. पसरट डब्यात ओतून फ्रीझरमध्ये. दर चाळीस मिनिटांनी काट्याने खरवडायचं, असं चार-पाच वेळा. भुरभुरीत बर्फाचे कण तयार होतात. कॅलरी मोजणाऱ्यांनो, यात दूध नाही, तूप नाही. साखर आहे, ती मात्र मोजा!

आणि हो, रस काढायला, ढवळायला स्टील किंवा काच वापरा. पितळ आणि ॲल्युमिनियम आंबटाला लागतं. लिंबू निवडताना साल पातळ, तकतकीत आणि हातात वजनदार लागणारं घ्या. डागाला घाबरू नका. सगळ्यात महत्त्वाचं, जानेवारीत लिंबं स्वस्त असतात तेव्हा रस काढून आइस ट्रेमध्ये गोठवा आणि क्यूब्ज पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. तीन-चार महिने छान राहतात. तुमचा एप्रिल निभावतो आणि भाव पडलेल्या दिवसांत बागवाल्याच्या चार गोण्या जास्त उठतात.

बागेचं काय झालं?

त्या दिवशी निघण्याआधी ओट्यावर चहा झाला आणि विषय निघालाच. मित्र म्हणाला, “बाबा, मी दर शनिवार-रविवार येतो, बागेचं मी बघतो.”

काकांनी बशी खाली ठेवली. “झाडाला तहान शनिवार-रविवार बघून लागत नाय.”

कुणीच काही बोललं नाही. मग काकूंनी तोंड उघडलं. उसाचं बिल येतं तेव्हा ते सोसायटीच्या कर्जात जातं, त्या म्हणाल्या. लिंबाचं तसं नाही. कमी-जास्त असेल, पण वर्षभर आठवड्याला दोन गोण्या जातात. किराणा, दवाखाना, लेकराची फी सगळं त्यावर निघालं. “याचं इंजिनिअरिंग कशावर झालं, विचारा की तुमच्या उसाला.”

या वाक्यावर काका जे उठले ते थेट बागेत. अर्ध्या तासाने परतले तेव्हा निर्णय झाला होता. खैऱ्याने पोखरलेला जुना एक एकर निघणार. दुसरा राहणार, आणि त्यातल्या मोकळ्या जागांत राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘साई सरबती’ची रोपं लागणार. हा वाण खैऱ्याला तुलनेने दाद देत नाही. रोप फळावर यायला चौथं वर्ष उजाडेल. तोपर्यंत ताण देण्याचे दिवस, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर, मित्र वर्क फ्रॉम होम घेऊन गावी काढणार. मॅनेजरशी बोलायचं काम आम्हा तिघांवर!

जाणार असाल तर

पुणे-सोलापूर हायवेने पाटस, तिथून दौंड, काष्टी, श्रीगोंदा. गाडी नको असेल तर पुण्याहून दौंडला भरपूर रेल्वेगाड्या आहेत, पुढे एसटी. दौंडजवळच भीमाकाठी अष्टविनायकांतलं सिद्धटेक आहे. श्रीगोंदा तालुक्यातल्या पेडगावला भीमेच्या काठावर बहादूरगड आणि आतलं कोरीव लक्ष्मीनारायण मंदिर आवर्जून बघा. श्रीगोंदा गावात संत शेख महंमद महाराजांचं स्थान आहे. बागेत शिरताना मालकाला विचारा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि पाण्याची बाटली विसरू नका. लिंबं घेताना घासाघीस करायचा मोह होईल. तेव्हा फक्त एवढं विचारा, “यंदा ताण बसला का?” बागवाला तुमच्याकडे दोन क्षण बघेल, हसेल आणि पिशवीत मूठभर लिंबं जास्तीची टाकेल.